डाव्या हाताची आगगाडी

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्याला जुंपलेला असतो. अकोल्याच्या जठारपेठेत पेटी शिकणाऱ्या प्रत्येकाने बूगी-वूगी ऐकावं ते यासाठीच. तिथे सगळा जोर डाव्या हातावर आहे.

ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताची ही पियानोवरची शाखा ईशान्य टेक्सासातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. लाकूडतोडीच्या छावण्या, तिथले दारूचे गुत्ते, खिळखिळे पियानो आणि रेल्वेने गावोगाव फिरणारे कृष्णवर्णीय वादक. लोकांना नाचायला ठेका हवा आणि साथीला कुणी नाही, म्हणून ठेकाही पियानोनेच धरायचा. डावा हात मंद्रात एकच छोटी सुरावट घोटत राहतो, चार मात्रांत आठ सूर. रुळांवरच्या चाकांचा खडखडाट त्यात लख्ख ऐकू येतो. उजवा हात वर मनसोक्त खेळतो, कोमल गंधार शुद्धावर घासत. चार-चार मात्रांचे बारा खंड म्हणजे एक आवर्तन: चार खंड षड्जावर, दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. 'पाइनटॉप' स्मिथने डिसेंबर 1928 मध्ये शिकागोत या शैलीची गाजलेली ध्वनिमुद्रिका केली. पुढच्याच मार्चमध्ये नाचघरात गोळी लागून तो गेला. वय अवघं 24.

ब्लूज गाणाऱ्यांच्या कैक पिढ्या कापूस वेचण्यात गेल्या. 1861 ते 65 च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. आपल्या पांढऱ्या सोन्याचा भाव त्या युद्धाने चढला. हे नातं आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या नात्याला संगीताचा धागाही आहे. मूर्तिजापुरात जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे आणि पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र, दोघेही नागपूरच्या शंकरराव सप्रे यांचे शिष्य. रामचंद्रांनी गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याला सोबत घेऊन पाश्चात्त्य नाचाचे ठेके हिंदी सिनेमात रुजवले. 1957 च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' रॉक अँड रोलच्या वळणाचं आहे, आणि रॉक अँड रोल बूगी-वूगीच्याच वंशातलं.

आधी पाइनटॉपची ती ध्वनिमुद्रिका लावा, उजव्या हाताकडे दुर्लक्ष करा आणि बारा खंड बोटांवर मोजा. मग 'ईना मीना डीका' ऐका.