प्रदर्शन उतरल्यावर

१९२२च्या डिसेंबरात कलकत्त्यात पॉल क्ले आणि वासिली कांडिन्स्की यांची चित्रं भिंतीवर लागली होती. जर्मनीतल्या वायमार गावच्या बाउहाउस या कलाशाळेतून आलेली ही कामं गगनेंद्रनाथ टागोर आणि सुनयनी देवी यांच्या चित्रांच्या सोबतीने मांडलेली होती. भारतीय आधुनिक कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला या प्रदर्शनापाशी थांबावंच लागतं. २०१३ साली देसाउच्या बाउहाउसने या जुन्या प्रदर्शनावरच नवं प्रदर्शन भरवलं. तेव्हा अभ्यासकांच्या हाताशी जे काही होतं, त्यात सर्वांत मोलाची ठरली ती कलकत्त्यात त्या वेळी छापलेली एक छोटी पुस्तिका. कोणाची कोणती कामं आली होती त्याची यादी तिच्यात होती आणि स्टेला क्रामरिश यांचं प्रास्ताविकही.

ही पुस्तिका एखाद्या ग्रंथालयाच्या टेबलावर आली आहे असं समजा. ती आहे इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेच्या चौदाव्या वार्षिक प्रदर्शनाची. तालिका करणारा माणूस संस्थेचं नाव लेखकाच्या जागी लिहील, शीर्षक उतरवून घेईल, गाव आणि साल टाकील, पानं मोजील आणि पुढचं पुस्तक हातात घेईल. नोंदीत एकही चूक नाही. तरीही क्ले शोधत आलेल्याला ही पुस्तिका सापडणार नाही आणि बाउहाउस शोधणाऱ्यालाही नाही. ‘चौदावं वार्षिक प्रदर्शन’ असा शोध तर कोणीच घेणार नाही.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेची नोंद इतर पुस्तकांसारखी केली की ती निम्मी वाया जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. कादंबरीची नोंद करताना ती कोणी लिहिली आणि कोणी छापली एवढं कळलं तरी भागतं. प्रदर्शनाची पुस्तिका मात्र एका घटनेचा पुरावा असते. अमुक ठिकाणी, अमुक तारखांना, अमुक माणसांची कामं लोकांनी पाहिली, हे तिच्यामुळे कळतं. चित्रं विकली जातात, परदेशी जातात, जळतात, त्यांची नावंही बदलतात. भिंती तर पुढच्या आठवड्यातच दुसऱ्याच्या होतात.

या पुस्तिकांचा वापर पुरावा म्हणून करण्याची रीत जुनी आहे. पॅरिसच्या सालोंची पहिली छापील यादी १६७३ची. लंडनच्या रॉयल अकॅडमीची वार्षिक प्रदर्शनं १७६९ला सुरू झाली. पुढे ॲल्जर्नन ग्रेव्ह्ज या गृहस्थांनी तिथल्या १७६९ ते १९०४ या काळातल्या प्रदर्शनांत काम मांडलेल्या प्रत्येक कलावंताचा कोश केला. १९०५-०६ मध्ये त्याचे आठ खंड निघाले. कोणत्या चित्रकाराने कोणत्या वर्षी काय लावलं आणि तेव्हा तो कुठे राहत होता, हे आजही त्यात पाहता येतं. त्यामागचं साधन होतं दरवर्षी निघणारी प्रदर्शनाची पुस्तिका.

पुस्तिकेने इतिहासही घडवला आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. पुस्तिकेचं काम रेनॉरचा भाऊ एदमाँ याच्याकडे होतं. बंदरातल्या पहाटेच्या एका चित्राला काय नाव द्यायचं असं विचारल्यावर ‘इंप्रेशन’ लिहा, असं आपण सांगितल्याची आठवण मोने यांनी पुढे सांगितली. यादीतलं हे ९८ क्रमांकाचं चित्र. लुई लरुआ या टीकाकाराने त्या शब्दाची टर उडवली आणि अख्ख्या चळवळीला नाव मिळालं.

पण पुस्तिकेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. याच चळवळीतल्या दगा या चित्रकाराचं चौदा वर्षांच्या नर्तकीचं शिल्प गटाच्या १८८०च्या प्रदर्शनाच्या यादीत आहे. प्रत्यक्षात ते प्रेक्षकांना दिसलं १८८१मध्ये. उलट बाजूने, १९१७च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मार्सेल द्यूशाँने पाठवलेल्या आणि आज सर्वांना ठाऊक असलेल्या ‘फाउंटन’चा त्या प्रदर्शनाच्या यादीत पत्ता नाही. म्हणून नोंद करणाऱ्याने ‘यादीत आहे’ एवढंच म्हणावं आणि ‘लावलं होतं’ हे ठरवण्याचं काम अभ्यासकावर सोडावं.

ग्रंथालयशास्त्राला या प्रकाराने पहिल्यापासून छळलं आहे. पहिला प्रश्न, लेखक कोण? चित्रं काढणारा, लेख लिहिणारा, प्रदर्शनाची जुळणी करणारा, की पैसे घालून छापणारी गॅलरी? १९७८च्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीने याचं थोडं किचकट उत्तर दिलं. चित्रांच्या प्रतिकृतींसोबत मजकूर असेल आणि मजकूर लिहिणाऱ्याला लेखक म्हणून पुढे केलेलं असेल, तर नोंद त्याच्या नावाखाली, नाहीतर चित्रकाराच्या नावाखाली. प्रदर्शनाला स्वतःचं ठसठशीत नाव असेल आणि ते पुस्तिकेवर ठळक असेल, तर परिषदा-संमेलनांप्रमाणे त्या नावाखालीच नोंद होऊ शकते. २०१० साली आरडीए ही नवी नियमावली आली, तरी हा पेच पूर्ण सुटलेला नाही. संगणकाच्या काळात मुख्य नोंद कोणाच्या नावे आहे याला पूर्वीइतकं महत्त्व उरलेलं नाही. बाकीची नावं नोंदीत आहेत की नाहीत, हे मात्र पाहावंच लागतं.

संगणकीय नोंदीच्या ‘मार्क’ या साच्यात प्रदर्शनाच्या नावाला १११ किंवा ७११ क्रमांकाचा रकाना आहे आणि घटनेच्या जागा-तारखेला ५१८. एक रकाना ५८५ क्रमांकाचा, त्याचं नावच ‘प्रदर्शनविषयक टीप’. नवखा तालिकाकार हमखास त्यात शिरतो. खरं तर तो रकाना नोंदीतली वस्तू स्वतः कुठे मांडली गेली ते सांगण्यासाठी आहे. साच्यातला खड्डाच म्हणायचा. उत्तर अमेरिकेतल्या कलाग्रंथालयांची ‘आर्लिस’ ही संघटना १९७२ सालची. या एका प्रकारच्या प्रकाशनांच्या नोंदीसाठी तिने वेगळी मार्गदर्शिका केली. तिचा भर प्रदर्शनाचं नाव, संस्था, गाव आणि तारखा नोंदीत असण्यावर आहे. ड्यूईच्या वर्गीकरणात भारतीय चित्रकलेचा वर्गांक ७५९.९५४, त्याला ०७४ जोडलं की प्रदर्शन सूचित होतं. वर्गांक कपाटापर्यंत नेतो, पण त्याचा उपयोग तेवढाच.

नोंद खरी अडते ती फिरत्या प्रदर्शनांपाशी. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालं आणि नंतर व्हेनिसला गेलं. त्याची जुळणी संधिनी पोद्दार यांची. अशा ग्रंथाच्या नोंदीत गायतोंडे, पोद्दार, न्यूयॉर्क, व्हेनिस आणि दोन्हीकडच्या तारखा, एवढं तरी यायला हवं. उद्या कोणी गायतोंडे यांच्या एखाद्या कॅनव्हासचा प्रवास शोधू लागला, तर या नोंदीतूनच त्याला पुढची दिशा मिळेल. लिलावात एखादं चित्र खरं की खोटं हा वाद उभा राहतो, तेव्हाही ते कोणत्या प्रदर्शनात होतं हे जुन्या पुस्तिकांतच पाहतात. कोट्यवधींचे व्यवहार ज्या कागदावर ठरतात तो कागद ग्रंथालयात बिननोंदीचा पडून असणं मला तरी विचित्र वाटतं.

काही कलावंतांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तालिकाकाराची मुद्दाम परीक्षा घेतली असावी. सेथ सीगलाब यांनी १९६९च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये भरवलेल्या प्रदर्शनात पुस्तिका हेच प्रदर्शन होतं, जागेवर मांडलेलं काम दुय्यम. लूसी लिपर्ड या समीक्षिकेने त्याच वर्षी सिएटलला भरवलेल्या प्रदर्शनाचं नाव होतं ५५७,०८७, म्हणजे त्या शहराची लोकसंख्या. पुढच्या वर्षी ते व्हँकुव्हरला गेलं आणि त्याचं नाव झालं ९५५,०००. पुस्तिका म्हणजे सुट्या कार्डांचा गठ्ठा, वाचकाने हव्या त्या क्रमाने लावावा. पानं मोजायची कशी आणि पहिलं पान कोणतं? आपल्याकडचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. १९६३च्या ऑक्टोबरात दिल्लीत ‘ग्रुप १८९०’चं प्रदर्शन झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू होते. ते १८९० साल नव्हे, भावनगरला ज्या घरी ही मंडळी जमली त्या घराचा तो क्रमांक. घाईत काम करणारा त्यावरून पुस्तिकेला एकोणिसाव्या शतकात ढकलू शकतो. तिच्या प्रास्ताविकाचे लेखक ऑक्टाव्हिओ पाझ, त्या वेळचे मेक्सिकोचे भारतातले राजदूत आणि पुढे नोबेल मिळवणारे कवी. पाझ यांचं नाव नोंदीत नसेल, तर त्यांचा वाचक इथवर पोचणार कसा? १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनाचंही तसंच आहे. सुधीर पटवर्धन, भूपेन खख्खर, नलिनी मलानी आदी सहा जणांच्या त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतला गीता कपूर यांचा लेख आजही वाचला जातो.

मुंबईत अशा कागदांचा मोठा साठा जमायला हवा होता. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. अमृता शेरगिल यांना १९३७चं सुवर्णपदक मिळालं ते तिच्याच वार्षिक प्रदर्शनात. चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचं १९४९चं प्रदर्शन सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात झालं आणि पुस्तिकेतला मजकूर गटातल्या सूझा यांचा होता. १९५२ला जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. तिथून आठवड्या-आठवड्याला निघणारे फोल्डर, चौपानी आणि निमंत्रणं यांचा हिशोब कोण ठेवणार? कणा नसल्यामुळे ते कपाटात उभे राहत नाहीत. त्यांच्यावर किंमत छापलेली नसते, त्यामुळे दाखल रजिस्टरात रकाना रिकामा राहतो. म्हणून ते सुटे कागद ठेवण्याच्या व्हर्टिकल फाइलमध्ये जातात आणि तिथून, जागा अपुरी पडली की, रद्दीत. १९५४च्या डिलिव्हरी ऑफ बुक्स कायद्यात चोपड्याही येतात आणि प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. पण स्वखर्चाने फोल्डर छापणाऱ्या चित्रकाराला आपण प्रकाशक आहोत हे कुठे ठाऊक असतं?

या फोल्डरांची आणखी एक खोड म्हणजे त्यांच्यावर बहुधा साल नसतं. ‘मंगळवार, ७ मार्च’ एवढंच. निमंत्रण मिळणाऱ्याला साल सांगायची गरज नव्हती. पण तालिका करणाऱ्याला वार आणि तारीख यांची जोडी पुरते. ७ मार्च हा दिवस १९६१, १९६७, १९७२, १९७८ आणि १९८९ या वर्षी मंगळवारी आला. मग पत्ता बघायचा. पिनकोड सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर पहिली दोन वर्षं बाद, शिवाय १९७२चा मार्चही त्याआधीचा म्हणून तोही बाद. दूरध्वनी क्रमांक किती आकडी, छपाई एकरंगी की चाररंगी, चित्रकाराच्या परिचयात शेवटचं पारितोषिक कोणत्या वर्षाचं, यावरून उरलेल्या वर्षांतून निवड करता येते. आलेलं साल चौकटी कंसात टाकायचं, म्हणजे ते छापलेलं नसून काढलेलं आहे हे वाचकाला कळतं. या कामाला तपासनीसाची नजर लागते आणि ग्रंथालयात याहून रंगतदार काम फार नसतं.

नावांचा घोळ वेगळाच. गायतोंडे, बाकरे, गाडे यांची नावं रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने छापलेली असतात आणि देवनागरीत कधी आडनाव पुढे, कधी आद्याक्षरं. गेटी संस्थेच्या कलावंतांच्या नावांच्या सूचीत एकाच माणसाची सगळी रूपं एकत्र बांधलेली असतात. मराठी ग्रंथालयांनी ही सूची डोळ्यांसमोर ठेवून देवनागरी रूपं जोडत गेलं पाहिजे. आधाराला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड आहेच. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने भारतातल्या कलालेखनाची सूची इंग्रजीसह १३ भाषांत केली, तीत मराठी आहे. बाहेरच्या संस्थेने केलं याचं कौतुक करावंच, पण मूळ कागद आपल्या कपाटात असतील तरच त्या सूचीला अर्थ.

यासाठी मोठा निधी किंवा परदेशी आज्ञावली यांची वाट पाहू नये. फोल्डरागणिक स्वतंत्र नोंद जमत नसेल, तर एका गॅलरीच्या एका वर्षाच्या फोल्डरांची मिळून एक नोंद करावी आणि तिच्यात प्रत्येक चित्रकाराचं नाव टाकावं. गॅलरी, गाव, तारखा, कलावंत आणि लेख लिहिणारा, या पाच गोष्टी पुरेत. बाकी रकाने रिकामे राहिले तरी चालतील.

आणि वाचकांना एक विनंती. घरात कोणी चित्रकार होतं, किंवा कोणाला प्रदर्शनं पाहायची सवय होती, तर जुन्या फायलींतले फोल्डर आणि निमंत्रणं फेकू नका. ती कोणत्या सालची हे आठवत असेल तर पाठीमागे पेन्सिलीने लिहा. शाई नको, ती कागदावर फुटते. मग जवळच्या ग्रंथालयाला द्या आणि देताना दाखल क्रमांक मागून घ्या.