शेपटीवरून ओळखा!

बालमित्रांनो, ‘कुठे चाललास?’ या प्रश्नात ‘तू’ हा शब्दच नाही, तरी कळतं ना? स्पॅनिश भाषेतही अश्शीच गंमत आहे बरं का! ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्यातला ‘आर’ काढा नि शेपट्या जोडा: आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो बोलतो), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लाइस (तुम्ही सगळे बोलता), आब्लान (ते बोलतात). मुलगा असो की मुलगी, दोघंही ‘आब्लो’च म्हणणार!

पण जपून हं! अनोळखी आजोबांना ‘आब्लास’ म्हणालात, तर चक्क अरे-तुरे होईल. तिथे आदरानं ‘आब्ला’च म्हणायचं.

आता ‘कांतार’ म्हणजे गाणे. मग ‘आम्ही गातो’ कसं म्हणाल? शाब्बास! ‘कांतामोस’!