घरच्या शेताच्या आडोशाला

अमेरिकेत सिगारेटचं पाकीट घ्यायला 2019 पासून वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात. त्या सिगारेटची तंबाखू खुडायला मात्र 12 वर्षं पुरतात. आईवडिलांची संमती हवी आणि शाळेची वेळ सोडून काम करावं, एवढंच.

याचं मूळ 1938 मध्ये आहे. रुझवेल्ट यांच्या काळातल्या कामगार कायद्याने गिरण्या-खाणींतली पोरं बाहेर काढली, शेती मात्र जवळजवळ मोकळी सोडली. दक्षिणेतल्या जमीनदारांच्या बाजूचे खासदार बिथरले असते तर कायदाच बुडाला असता. 1970 मध्ये शेतातल्या धोक्याच्या कामांची यादी झाली. त्यात मोठे ट्रॅक्टर, धान्याची कोठारं, जहाल विषारी औषधं होती. पण त्यासाठी वय ठरलं 16. इतर धंद्यांत ते 18. आईबापांच्या शेतावर तर ही यादी लागूच नाही.

जुलै 2010 मध्ये इलिनॉयमधल्या माउंट कॅरोल इथे मक्याच्या कोठारात उतरलेली दोन मुलं, एक 14 वर्षांचा आणि एक 19, दाण्यांखाली गाडली गेली. खालून मका काढायला लागलं की वरचा थर भोवऱ्यासारखा माणसाला आत ओढतो.

सप्टेंबर 2011 मध्ये कामगारमंत्री हिल्डा सोलिस यांच्या खात्याने नवे नियम मांडले. 16 खालच्या मजूर मुलांना तंबाखूचं काम बंद, 18 खालच्यांना धान्याची कोठारं आणि गुरांचे लिलाव बंद. त्यावर गहजब झाला. नातवाने आजोबांच्या शेतावर हातही लावायचा नाही का, असं शेतकरी संघटना विचारू लागल्या. प्रश्न अगदीच खोटा नव्हता, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये खात्याने तेवढा भाग नव्याने लिहायची तयारीही दाखवली. तरी एप्रिलमध्ये, निवडणुकीच्या वर्षात, ओबामा सरकारने सगळाच प्रस्ताव गुंडाळला आणि आपल्या कारकिर्दीत तो परत येणार नाही असंही जाहीर केलं.

भांडण झालं घरच्या पोरांवरून. संरक्षण हुकलं ते दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांचं, त्यातही स्थलांतरित लॅटिनो मजुरांच्या मुलांचं. आपण तरी काय वेगळं केलं? आपल्या बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीतही शाळेनंतर घरच्या कामात मदतीची सूट आहेच. उसाच्या फडात आईमागे वाढे गोळा करणारी पोर ‘घरचं काम’च करत असते.

अमेरिकेत 2015 मध्ये कीटकनाशकं हाताळण्याचं किमान वय 18 झालं, तेही मालकाचं कुटुंब वगळून. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2018 मध्ये हिशेब मांडला: 2003 ते 2016 या काळात कामावर दगावलेल्या 452 मुलांपैकी 237 शेतीतली होती. शेतातल्या मुलांना इतर धंद्यांतल्या मुलांइतकंच संरक्षण देणारं विधेयक खासदार ल्युसिल रॉयबल-ॲलार्ड यांनी 2001 पासून अनेकदा मांडलं. जानेवारी 2023 मध्ये त्या संसदेतून निवृत्त झाल्या, तोवर ते एकदाही मंजूर झालं नव्हतं.