मोबाइलने पावले मोजली, पण कोणाची?

बायपास होऊन पाचवा आठवडा चालू असलेल्या एका मावशींच्या घरी आम्ही गेलो होतो. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या. "जय भीम, ताई" म्हणतानाही त्यांना मध्ये श्वास घ्यावा लागला. सुनेने मात्र कौतुकाने मोबाइल पुढे केला. "बघा ताई, आईंची रोज पाच हजार पावले होतात. डॉक्टरांनी सांगितली त्यापेक्षा जास्तच!"

आम्ही मावशींच्या पायावर बोट दाबले. खळगा पडला आणि तसाच राहिला. दोन्ही पायांना सूज होती. रात्री उशीवर उशी घेतल्याशिवाय झोप येत नाही, हेही विचारल्यावरच कळले. मग पाच हजार पावले चालले कोण? घरात स्मार्टफोन एकच, आणि तो दिवसभर नातवाच्या खिशात. क्लासला, मैदानावर, सगळीकडे. मोबाइलने पावले बरोबर मोजली होती, पण ती नातवाची!

त्याच दिवशी मावशींना रुग्णालयात नेले. अंगात पाणी साठले होते. औषधे बदलली आणि चार दिवसांनी त्या घरी आल्या. यात सुनेची चूक नव्हती. मोबाइल कसा वापरायचा, हे तिला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख.

ऑपरेशननंतरचे खरे काम घरी

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशनसाठी बहुतेक वेळा छातीचे मधले हाड कापून नंतर तारेने बांधतात. ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात आणि पुरते बळकट व्हायला त्याहून जास्त. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. म्हणजे पाण्याने भरलेला हंडा नाही, गॅसची टाकी नाही, नातवंडही नाही. उठताना आधी कुशीवर वळायचे, मग उठायचे. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची.

याच काळात रोज थोडे चालणे, श्वासाचे व्यायाम, वेळेवर गोळ्या, मीठ-तेल कमी, तंबाखू-विडी बंद आणि मनाला उभारी, या सगळ्याला मिळून हृदय-पुनर्वसन म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत त्याचे वर्ग असतात. पण रोजंदारी बुडवून, दोन बस बदलून तिथे आठवड्यातून तीनदा जाणार कोण? इथे मोबाइलचा उपयोग होतो.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १२० रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. केंद्रावर जाऊन पुनर्वसन करायचे होते, त्या गटातल्या ४७ टक्के लोकांनी ते पूर्ण केले. घरी मोबाइलच्या मदतीने करणाऱ्या गटात हे प्रमाण ८० टक्के होते. पण त्या मोबाइलवाल्यांना दर आठवड्याला एक मार्गदर्शक फोन करून विचारपूस करत होता, हे विसरू नका. नुसत्या अ‍ॅपने ते घडले नव्हते.

मोबाइलकडून कोणती कामे घ्यावीत?

गोळ्यांची आठवण: यासाठी खास अ‍ॅप हवेच असे नाही. साध्या बटणाच्या फोनमधला अलार्मही चालतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी "आता बरे वाटते" म्हणून किंवा पैसे संपले म्हणून मनाने बंद करू नका. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जनऔषधी केंद्रात मिळणारी स्वस्त गोळी चालेल का, ते विचारा. झडप बदललेल्यांना आयएनआर ही रक्ततपासणी सांगितली असेल, तर तिच्या तारखेचाही अलार्म लावा.

चालण्याची नोंद: पावले मोजणारे अ‍ॅप फोन ज्याच्या अंगावर असेल त्याचीच पावले मोजते. तेव्हा चालताना फोन रुग्णाजवळच हवा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर सुरुवात पाच-पाच मिनिटांनी, दिवसातून दोन-तीनदा. मग दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवत जा. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करा.

डॉक्टरांशी बोलणे: ई-संजीवनी ही सरकारची मोफत सेवा आहे. तिच्यावर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. मात्र ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडची तपासणी त्यामुळे टाळू नका.

कोणत्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये?

कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि बीपी बघा, असे सांगणारी अ‍ॅप निघाली आहेत. अमेरिकेत असे एक अ‍ॅप खूप खपले होते. संशोधकांनी ८५ जणांवर ते तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. ज्यांचे बीपी खरोखर वाढलेले होते, त्यांच्यातल्या दहापैकी जवळजवळ आठ जणांना अ‍ॅपने "सगळे ठीक" असे सांगितले होते! बीपी मोजायचे ते दंडाला पट्टा बांधूनच.

नाडीच्या आकड्याचेही तसेच. ऑपरेशननंतर पुष्कळांना नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असते. त्यामुळे नाडी कमी दिसली म्हणजे आणखी जोरात चालायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका. काढा प्या, ब्लॉकेज उघडेल, असे सांगणाऱ्या व्हिडिओंवर तर अजिबात भरवसा नको. आपण कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानत नाही, मग ती मोबाइलवर आली म्हणून का मानावी? व्यायाम शिकवायच्या आधी पैसे किंवा बँकेची माहिती मागणारे अ‍ॅप लगेच काढून टाका.

ही लक्षणे अ‍ॅपला कळत नाहीत

एक साधी वही ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करा आणि लिहा. काटा नसेल तर चार घरांनी मिळून एक घ्या. दिवसात एक किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वजन वाढले, दोन्ही पाय सुजले, आडवे पडल्यावर धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम लाल झाली, पू आला, १००.४ च्या वर ताप गेला किंवा छातीचे हाड कटकट वाजू लागले, तरीही तेच करा. छातीत दाब येऊन दुखले, घेरी आली, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर अ‍ॅप उघडत बसू नका. १०८ लावा.

आणखी एक गोष्ट. ऑपरेशननंतर पुष्कळांना रडू येते, झोप लागत नाही, जगून काय करू असे वाटते. हा भित्रेपणा नव्हे. डॉक्टरांना सांगा, घरच्यांशी बोला.

वस्तीने काय करावे?

बायांनो, तुमच्या ऑपरेशननंतर पाणी कोण भरणार, हे घरी येण्याआधीच ठरवून घ्या. आम्ही वॉर्डात पाहिले आहे, पुरुष रुग्णाच्या उशाशी बायको असते. बाईचे ऑपरेशन झाले की आठ दिवसांत ती नळावर दिसते. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असेल, तर पुढच्या तपासण्या आणि औषधे योजनेत बसतात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि सगळे कागद एका पिशवीत जपा.

गल्ली अरुंद आहे, गटार उघडे आहे, चालायचे कुठे, असे मावशींनीही विचारले होते. सकाळ-संध्याकाळ बुद्ध विहाराचे सभागृह मोकळे असते. जमीन सपाट, वर पंखा, दम लागला तर बसायला जागा. विहार समितीने अशा रुग्णांसाठी अर्धा तास दार उघडे ठेवले, तर खर्च काहीच नाही. आणि वस्तीतल्या शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने आठवड्यातून एकदा अशा घरी जावे, वही बघावी, पाय बघावेत आणि "रात्री झोप कशी लागते?" एवढे विचारावे.

मावशी आता विहारात वीस मिनिटे चालतात. फोन त्यांच्या कमरेच्या बटव्यात असतो आणि नातू शेजारून चालतो. परवा सुनेने पुन्हा आकडा दाखवला. आठशेच पावले होती, पण सगळी मावशींची.