फ्लॉपीच्या वाटेने घुसखोरी

एकाच सर्व्हरवर अनेकांची व्हर्च्युअल मशीन चालतात. प्रत्येकाला वाटते, डिस्क आणि नेटवर्क कार्ड आपलेच आहे. प्रत्यक्षात ही उपकरणे क्यूइमूसारखे सॉफ्टवेअर भासवत असते.

2015 मध्ये क्यूइमूच्या फ्लॉपी-नियंत्रकात ‘व्हेनम’ नावाची त्रुटी सापडली. ती 2004 पासून तिथे होती. फ्लॉपीला पाठवलेल्या आज्ञा 512 बाइटच्या बफरमध्ये साठत. काही आज्ञांनंतर बफर नव्याने सुरू होत नसे. जादा बाइट शेजारच्या स्मृतीवर चढत आणि व्हर्च्युअल मशीनमधला हल्लेखोर मूळ सर्व्हरपर्यंत पोहोचू शके. फ्लॉपी जोडलेली नसली, तरीही धोका होताच.

म्हणून उपकरण भासवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मोजकेच अधिकार हवेत. लिनक्सवरील ‘एसव्हर्ट’ प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या प्रक्रियेला आणि तिच्या डिस्क-फाइलला एकच खूण देते. खूण जुळली नाही, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दार उघडत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिकर नसलेली गाडी अडवावी तसे. ‘सेककॉम्प’ हा दुसरा पहारा. तो कर्नलकडे करता येणाऱ्या मागण्यांवरच मर्यादा घालतो.

चूक कधीतरी राहणारच, हे गृहीत धरून तिची झळ एकाच मशीनपुरती रोखणे, हीच खरी सुरक्षा. आपला पैसा आणि आरोग्याच्या नोंदी क्लाउडवर असताना ही शिस्त ऐच्छिक राहू नये.