खरवडूनही उरलेली अक्षरं

कागद रुळण्याआधी युरोपात ग्रंथ लिहिले जात ते मेंढ्या-वासरांच्या कातडीपासून केलेल्या चर्मपत्रावर. ते महाग पडे. म्हणून नकोसा झालेला मजकूर धुऊन, खरवडून त्याच पानावर नवा लिहीत. अशा पानाला इंग्रजीत ‘पॅलिम्पसेस्ट’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुन्हा खरवडलेलं’.

पण कातड्यात मुरलेली शाई पुरती निघत नाही.

दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्किमिडीजच्या ग्रंथांची एक प्रत तयार झाली. १२२९ मध्ये तिचंच प्रार्थनापुस्तक झालं. पानं सुटी करून घासली, दुमडली आणि जुन्या ओळींना काटकोनात प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये डॅनिश पंडित हायबर्ग यांनी खालचं गणित ओळखलं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पोथी २० लाख डॉलरना विकली गेली. मग बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाने तिचं काम हाती घेतलं. काही पानांवरच्या शाईतलं लोह क्ष-किरणांनी हुडकून ओळी वाचल्या गेल्या. आर्किमिडीजचा ‘मेथड’ हा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये आज याच एका पोथीत सापडतो. प्रार्थना लिहिणाऱ्याने अजाणता तो सांभाळला, हे विलक्षणच.

साहित्यात या शब्दाचं सोनं केलं थॉमस डी क्विन्सीने. १८४५ मध्ये त्याने मेंदूलाच पॅलिम्पसेस्ट म्हटलं. वर कितीही थर चढोत, खालची आठवण पुसली जात नाही. पुराव्यादाखल त्याने आपल्या नात्यातल्या एका मुलीची हकिगत दिली. ओढ्यात बुडता बुडता वाचलेल्या तिला क्षणात सगळं आयुष्य दिसलं होतं.

जॉर्ज ऑर्वेलने तोच शब्द उलट्या बाजूने धरला. ‘नाईन्टीन एटी-फोर’मध्ये सरकारी खातं जुनी वर्तमानपत्रं सोयीनुसार बदलत राहतं, म्हणून तिथे इतिहास हा पॅलिम्पसेस्ट. तिथे भर सगळा खरवडण्यावर. खाली मागमूसही उरू नये, हाच तर सत्तेचा आटापिटा.

१९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात त्यांनी भारतालाच पुरातन पॅलिम्पसेस्टची उपमा दिली. विचारांचे आणि स्वप्नांचे थरावर थर चढले, तरी नव्या थराने आधीचं लिखाण पुरतं झाकलं नाही की पुसलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आर्किमिडीजची पोथी पाहता चर्मपत्राच्या जातीला नेहरूंचाच वापर अधिक धरून आहे. हल्ली इंग्रजी लेखांत कुठल्याही सरमिसळीला हा शब्द चिकटवतात. मुंबईतल्या फोर्टसारख्या भागाला मात्र तो खरोखर शोभतो. तिथला किल्ला १८६० च्या दशकात पाडला, पण ‘चर्चगेट’ हे त्याच्या वेशीचं नाव आजही लोकलच्या पाटीवर आहे.