अंतर किती? गोंदिया ते चिपी

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला तर ईशान्येच्या टोकाला गोंदिया आणि नैर्ऋत्येच्या टोकाला सिंधुदुर्ग दिसतो. दोन्ही जिल्हे १ मे रोजीच जन्मले. सिंधुदुर्ग १९८१ साली आणि गोंदिया १९९९ साली. दोन्हीकडे भातशेती, दोन्हीकडे जेवणात भात. आज दोन्हीकडे विमानतळही आहेत. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे, तर वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मग या दोहोंत अंतर किती?

हे गणित कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. बिरसी सुमारे २१.५ उत्तर अक्षांशावर व ८०.३ पूर्व रेखांशावर आहे. चिपी १६ अक्षांशावर व ७३.५ रेखांशावर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे त्यांचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. म्हणजे दक्षिणेकडे ६१० आणि पश्चिमेकडे ७१४ किलोमीटर. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर येते सुमारे ९४० किलोमीटर.

छोट्या विमानतळांवर उतरणारी पंख्याची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी हा प्रवास सव्वादोन तासांत आटोपावा. परंतु असा हिशेब विमानाचा असतो, प्रवाशाचा नव्हे.

छोट्या गावांची विमाने सहसा मोठ्या शहराकडे जातात, एकमेकांकडे नाही. समजा, हैदराबादमार्गे जायचे ठरले. ते अंतर सुमारे १०५० किलोमीटर होते. म्हणजे वळसा अवघा ११० किलोमीटरांचा. उड्डाणाचा वेळही तीन तासांच्या आसपास. पण दुसरे विमान लगेच मिळेल याची खात्री नसते. ते संध्याकाळी असेल तर दिवस जातो, दुसऱ्या दिवशी असेल तर मुक्काम पडतो. येथे अंतर किलोमीटरवर ठरत नाही, वेळापत्रकावर ठरते.

आगगाडीचेही तसेच. कुडाळहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस सकाळी ठाण्याला उतरतो. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सुमारे पंधरा तासांनी गोंदिया. दोन रात्री आणि मधला एक दिवस!

ही अडचण ओळखूनच केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना आणली. तिच्यात काही जागांचे भाडे मर्यादित ठेवून विमान कंपनीची तूट अनुदानाने भरून काढली जाते. मात्र एका मार्गाला हे अनुदान तीन वर्षांपुरतेच असते. तेवढ्यात पुरेसे प्रवासी जमले नाहीत तर मार्ग टिकणे कठीण. आणि विमान आठवड्यातून मोजकेच दिवस येत असेल तर प्रवासी तरी कसे जमावेत?

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. एका टोकाच्या मुलाला दुसऱ्या टोकाला नोकरी लागली, तर घरच्या आजारपणात तो किती तासांत पोहोचेल, हे त्याच्या आईवडिलांच्या दृष्टीने खरे अंतर होय. ते दोन दिवसांचे असेल तर मुलगा नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच घरात विचार सुरू होतो. नकाशावरचे ९४० किलोमीटर कोणालाच कमी करता येणार नाहीत. वाटेत वाट पाहण्याचे तास मात्र माणसांनीच ठरविलेले आहेत, आणि ते कमी करणे माणसांच्याच हाती आहे.